फांदी काढावी की ठेवावी : हौशी छायाचित्रकारांच्या आपसातल्या समीक्षेची पार्श्वभूमी

हौशी छायाचित्रकारांच्या मासिक बैठकीत एक वाक्य वर्षानुवर्षं हमखास ऐकू येतं : "सगळं छान आहे, पण ती उजवीकडची फांदी खटकते." पक्षी नेमका टिपलेला असतो, डोळ्यात चमक असते, मागचा हिरवा रंग मऊ उतरलेला असतो आणि एक काडी मध्येच आडवी आलेली असते. हे ऐकल्यावर फोटोवाल्याने घरी जाऊन काय करायचं, याचं उत्तर मात्र दर पिढीत बदलत गेलं. आज बैठकांमध्ये जी कुरबुर ऐकू येते, की ज्येष्ठ मंडळी दोष दाखवतात पण उपाय सांगत नाहीत, तिचं मूळ बरंचसं या फांदीत आहे.

एकमेकांना फोटो दाखवून त्यावर बोलण्याची चाल मुंबईला नवी नाही. लंडनमध्ये १८५३च्या जानेवारीत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५४च्या ऑक्टोबरात मुंबईत. सभासदांत गोरे अधिकारी होते तसे मुंबईतले एतद्देशीय डॉक्टरही होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि १८५६पासून मुंबईतून खऱ्या प्रिंटांचा एक संग्रह अंकाअंकाने निघू लागला, ज्याच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द होता. तो जमाना ओल्या काचेचा. रसायन लावलेली काच वाळायच्या आत फोटो काढून धुऊन व्हायला हवा, त्यामुळे चर्चा प्रामुख्याने डाग का पडले, काच का सोलली, उन्हाळ्यात रसायन किती टिकतं, अशी असायची. फांदी खटकण्याइतकी चैन परवडायला अजून वेळ होता.

त्या 'अमॅच्युअर'चा अर्थ होता, ज्याला पोटासाठी हे करावं लागत नाही असा सुखवस्तू माणूस. मराठीत त्याचं 'हौशी' झालं आणि अर्थ थोडा घसरला. आपल्याकडे जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असतात. त्यातल्या हौश्याकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. हौशी रंगभूमीने या शब्दाला थोडीफार इभ्रत मिळवून दिली, छायाचित्रणात ती अजून पुरती मिळालेली नाही. लग्नाचे फोटो काढणारा तो 'फोटोग्राफर' आणि पंधरा वर्षं पहाटे चारला उठून तळ्याकाठी बसणारा तो 'हौशी'. असो.

दुरुस्तीचा वाद फोटोइतकाच जुना आहे. १८५७ साली मँचेस्टरच्या प्रदर्शनात तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून केलेलं एक भलंमोठं चित्र लागलं आणि त्यावर छायाचित्रकारांमध्येच जुंपली. पुढच्या वर्षी पाच निगेटिव्हचं, मरणासन्न मुलीचं चित्र आलं. त्या वेळी लोकांना असल्या दुःखाचं सोंग कॅमेऱ्यासमोर वठवणंच सहन झालं नाही. मुंबईत १९३०च्या दशकात हौशींच्या संस्था नव्याने उभ्या राहिल्या तेव्हा जोर होता तो चित्रासारख्या दिसणाऱ्या फोटोंवर. धूसर सकाळ, होड्या, बैलगाडीची धूळ. निगेटिव्हवर पेन्सिल चालवणं, तेलकट शाईने ब्रोमाइड, म्हणजे कागदावरचा प्रिंट, पुन्हा रंगवणं, हे सगळं कौशल्यात मोजलं जाई. फांदी काढता येत नसेल तर तुम्ही कच्चे, इतका साधा हिशेब होता.

माझ्या ओळखीचा काळ त्यानंतरचा, साधारण १९७५ ते १९९५. तेव्हाची समीक्षा कशी चाले हे समजायला आधी खर्च समजला पाहिजे. वडोदऱ्यात बनणारा आग्फाचा क्लिक-थ्री बऱ्याच जणांचा पहिला कॅमेरा. १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा घ्यायचा तर आयात कराने कंबर मोडे, म्हणून आखातातून येणाऱ्या मेहुण्याची वाट पाहायची. उटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म आणि ब्रोमाइड, पूर्व जर्मनीची 'ऑर्वो', आणि डार्करूम म्हणजे न्हाणीघर. दाराच्या फटीला काळं कापड, पाटावर निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारा एन्लार्जर, लाल दिवा, तीन ट्रे, प्रिंट पक्का करणाऱ्या हायपोचा वास. बारा बाय पंधरा इंचांचा एक धड प्रिंट हातात येईपर्यंत कागदाचे तीन-चार तुकडे वाया जायचे आणि घरच्यांची आंघोळ लांबायची.

असा प्रिंट घेऊन माणूस बैठकीला आला की त्यावर कोणी "मस्त" म्हणून पुढे जात नसे. आमची बैठक महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेच्या वर्गात भरायची. फळ्याखालच्या कडेवर प्रिंट ओळीने उभे करायचे. नावं मागच्या बाजूला. मग एकेकाने उठून बोलायचं, ज्याचा प्रिंट त्याने शेवटपर्यंत गप्प राहायचं. इथला सगळ्यात धाक असलेला प्रकार म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे. एक ज्येष्ठ सभासद ते खिशातून काढून आपल्या प्रिंटवर सरकवत न्यायचे, आणि थांबायचे तेव्हा चौकटीत आपल्या चित्राचा चौथा हिस्सा उरलेला असायचा. "बघ, एवढंच चित्र आहे. बाकीचा कागद फुकट घालवलास." माझ्या सासवडच्या बाजाराचं त्यांनी असं एका म्हातारीच्या हातात आणि तराजूत रूपांतर केलं होतं. मला राग आला होता, आणि घरी जाऊन मी तसाच प्रिंट काढला.

या समीक्षेची भाषा हाताची होती. आकाश 'बर्न' कर (जास्त उजेड देऊन गडद), चेहऱ्यावर हात धरून 'डॉज' कर (उजेड अडवून उजळ), काळं-पांढरं ठसठशीत करणारा तीन नंबरचा कागद घे, पांढरे ठिपके ब्रशने 'स्पॉट' कर. प्रत्येक शेऱ्यामागे करण्याजोगी एक कृती होती आणि ती पुढच्या महिन्यात करून आणायची होती. एकाच फोटोचे चार महिन्यांत चार अवतार बैठकीने पाहिलेले असायचे. ब्रिटनमध्ये हेच काम टपालाने फिरणाऱ्या पेट्या करत. प्रत्येकाने आपला एक प्रिंट पेटीत ठेवायचा, सोबतच्या वहीत इतरांच्या प्रिंटांवर शेरे लिहायचे आणि पेटी पुढच्या गावी धाडायची. पेटी फिरून परत येई तोवर आपल्या प्रिंटवर सगळ्यांची मतं जमलेली असत. समोरासमोर बसण्यापेक्षा लेखी शेरा अधिक विचार करून दिला जात असावा, असं मला उगाच वाटतं. आमच्याकडे आवाज ज्याचा मोठा त्याचं मत मोठं.

बैठकीच्या वर होतं सलोन. हा शब्द बाहेरच्यांना कायम गोंधळात टाकतो, कारण आपल्याकडे सलून म्हणजे केस कापायचं दुकान. मूळ फ्रेंच शब्द एकच आहे. पॅरिसच्या चित्रप्रदर्शनांवरून तो छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांना लागला आणि न्हाव्याच्या दुकानाकडे वेगळ्या वाटेने गेला. "सलोनला चार फोटो पाठवलेत" असं सांगितल्यावर माझ्या आत्याने विचारलं होतं, भिंतीवर लावायला का? १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये हौशींचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, १९५३ साली भारतातला. या महासंघांनी सलोनांना मान्यता द्यायची, सलोनांनी फोटो निवडायचे आणि निवडी ठरावीक संख्येने साठल्या की नावापुढे पदवीसारखी अक्षरं लावता यायची. परीक्षक बहुधा तिघं, एका चित्राला वेळ काही सेकंद. बैठकीत अर्धा तास चिरफाड झालेला प्रिंट तिथे एका नजरेत आत किंवा बाहेर. हळूहळू बैठकीचा सूरच बदलला. 'हे चित्र काय सांगतं' याऐवजी 'हे सलोनला चालेल का' असं विचारलं जाऊ लागलं. जेजुरीचा उधळलेला भंडारा, वारीतला सुरकुतलेला चेहरा, ससून डॉकवरच्या कोळणी, हे विषय इतक्यांदा निवडले गेले की पुढच्या पिढीने ते गृहपाठासारखे काढले.

आता फांदीकडे.

पक्ष्यांच्या फोटोंमध्ये फांदी आधी खरोखरची कापली जात असे. लांब पल्ल्याची भिंग परवडत नसत, मग पक्षी जवळ मिळण्याची खात्रीची जागा एकच, घरटं. तंबूसारखा आडोसा उभारून आत तासन्‌तास बसायचं, आणि घरटं नीट दिसावं म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या बांधून ठेवायच्या किंवा छाटायच्या. याला इंग्रजीतून आलेला गोड शब्द होता, 'गार्डनिंग'. सावली गेली की पिल्लं उन्हात भाजतात आणि कावळ्याला घरटं उघडं पडतं, हे बोललं जायचं, पण फोटो चांगला असला की हळू आवाजात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्याचं घरटं किंवा अंडी यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत घातलेलं आहे. ते माहीत असलेले लोकही शिंजिराच्या लोंबत्या घरट्याचा फोटो कौतुकाने बघत. पुढे अनेक मंडळांनी आणि स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणंच थांबवलं. माझ्या मते हा आमच्या छंदातला सगळ्यात उशिरा घेतलेला योग्य निर्णय.

मग संगणक आला आणि कात्रीची गरजच संपली. साधारण २००० ते २००५ या काळात बैठका प्रिंटवरून प्रोजेक्टरवर गेल्या आणि "फांदी खटकते"च्या पाठोपाठ दुसरं वाक्य येऊ लागलं : "क्लोन करून टाक." म्हणजे शेजारच्या भागाची नक्कल चिकटवून फांदी झाकायची. दोन मिनिटांचं काम. काही बैठकांत तर कोणीतरी लॅपटॉप पुढे ओढून तिथल्या तिथे करून दाखवी आणि लोक टाळ्या वाजवत. फांदी गेली, मग शेजारचं पान गेलं, मग शेपटीवरची सावली. नदीकाठचा खंड्या कुठल्याशा रंगीत पडद्यापुढे बसल्यासारखा दिसू लागला.

याला खीळ घालणारा निर्णय १ जानेवारी २०१५ पासून लागू झाला. अमेरिकेतली, ब्रिटनमधली आणि स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली अशा तीन मोठ्या संघटनांनी 'निसर्ग' या विभागाची एकच व्याख्या मान्य केली. चित्रात काही घालायचं नाही, हलवायचं नाही, बदलायचं नाही, काढायचं नाही, अपवाद फक्त क्रॉपचा, म्हणजे कडा छाटण्याचा. पाळीव प्राणी, लावलेली बागेतली फुलं, पेंढा भरलेले नमुने बाद. माणसाची खूण नको, पण कौलात राहणारं गव्हाणी घुबड चालेल, कारण त्याने माणसाचं घर आपलं मानलंय. अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रेडिओ कॉलर चालेल. सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसायला परवानगी, डॉजिंग-बर्निंगलाही. अनेक फोटो शिवून केलेला पॅनोरमा सुरुवातीला बाद होता, पण एकाच विषयावर फोकस बदलत काढलेले फोटो एकत्र करणं चालेल.

वरवर वाचलं तर स्वच्छ वाटतं. घोळ तपशिलात आहे. फांदी चित्राच्या कडेला असेल तर क्रॉप करून उडवता येते, आणि मध्ये असेल तर ती पवित्र. कडेची फांदी कापणं हे सत्य आणि मधली पुसणं हे असत्य, यातला तर्क मला आजवर कोणी पटवून दिलेला नाही. बर्निंगला परवानगी होती म्हणून हुशार लोकांनी फांदी न पुसता ती काळोखात बुडवली. नंतर नियमात भर पडली, की मूळ दृश्यातली गोष्ट लपवण्यासाठी अंधार किंवा धूसरपणा आणायचा नाही. आता सलोनवाले शंका आली तर कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात. आणि फोटो काढण्याआधी हाताने बाजूला केलेल्या काडीबद्दल फाइल काहीच सांगत नाही. थव्यातले कुरव पक्षी जवळ यावेत म्हणून होडीतून फेकलेल्या शेव-गाठ्यांबद्दलही नाही, ज्या आपल्याकडच्या पाणथळ जागांवर दर हिवाळ्यात फेकल्या जातात.

नियमाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याआधी लंडनच्या एका संग्रहालयाच्या वन्यजीव स्पर्धेत कुंपणावरून झेपावणाऱ्या लांडग्याला पहिलं पारितोषिक मिळालं होतं आणि २०१०च्या जानेवारीत ते काढून घेतलं गेलं. लांडगा बहुधा माणसाळलेला होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने तो नाकारला. त्याच स्पर्धेत २०१८ साली मुंगीखाऊ प्राण्याचा एक विजेता फोटो बाद झाला, कारण तो प्राणी पेंढा भरलेला असावा असं तज्ज्ञांनी सांगितलं. अशी प्रकरणं घडत असताना संघटनांनी कडक व्हायचं ठरवलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? माझी तक्रार एवढीच, की नियम स्पर्धेसाठी केला गेला आणि तो शिकण्याच्या खोलीत येऊन बसला.

मोबाइलच्या काळाबद्दल थोडक्यात. २००४च्या सुमारास फोटो एकमेकांना दाखवायच्या जागा संगणकावर आल्या, तेव्हा काही गटांची अट होती की एक फोटो टाकायचा तर दोघांच्या फोटोंवर अभिप्राय द्यायचा. अट पाळली जायची, अभिप्राय मात्र "सुंदर टिपलंय" एवढाच. त्यानंतर अंगठा आला, मग हृदय आलं. फोटो फुकट झाले तसे शेरेही फुकट झाले. हे वय बोलतंय असं म्हणाल, म्हणा.

आमच्या बैठका अजून भरतात, प्रोजेक्टर लावून. अलीकडे फोटो पडद्यावर आला की समीक्षेआधी संचालन करणारी मुलगी विचारते, "सलोनला जाणार आहे का? निसर्ग विभागात?" उत्तर 'हो' आलं, की फांदी सगळ्यांना दिसत असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.