भूकंपानंतर घराचे फोटो कसे काढायचे (गिलावा करायच्या आधी वाचा)

हादरा थांबला की आधी माणसं बघा, गॅस बंद करा, फोटो नंतर. भिंतीने पोट काढलं असेल किंवा कौलं लोंबत असतील तर आत जाऊच नका, लांबूनच झूम करा.

आपल्या कोयनेच्या पट्ट्यात हादरे नवीन नाहीत, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घरोघरी ऐकून माहितीये आणि जमीन अजूनही अधूनमधून हलतेच. त्यामुळे लोकांना सवय झालीये, भेग दिसली की गवंडी बोलवायचा, सिमेंट भरायचं आणि मोकळं व्हायचं. मग आम्ही घर तपासायला येतो तेव्हा बघायला काही उरलेलं नसतं, आणि पंचनाम्याला तलाठी आले किंवा विम्याचा सर्व्हेअर आला तर त्यांनाही काय दाखवणार?

एका ग्राहकांनी आम्हाला साठेक फोटो पाठवले होते, सगळे जवळून काढलेले, नद्यांच्या नकाशासारख्या भेगाच भेगा. कुठली खोली, कुठली भिंत, काही कळेना. म्हणून आधी घराच्या चारही बाजू बाहेरून घ्या, मग खोलीच्या दारात उभं राहून अख्खी खोली, मग ती भिंत जमिनीपासून छतापर्यंत, आणि शेवटी भेग जवळून. जवळच्या फोटोत भेगेशेजारी पट्टी धरा, नसेल तर दहाचं नाणं चालेल, ते २७ मिलिमीटरचं असतं, त्यावरून आम्हाला भेगेची रुंदी काढता येते. फ्लॅश नको, त्याने भिंत सपाट दिसते, बॅटरी बाजूने तिरकी मारा.

भेगेचा आकारही बरंच सांगतो. दोन खिडक्यांच्या मधे फुलीसारखी भेग असेल तर भिंत दोन्हीकडे ढकलली गेलीये, कोपऱ्यात उभी भेग असेल तर दोन भिंती सुटायला लागल्यात. आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) घरात वीटकाम आणि कॉलमच्या सांध्यात बारीक रेघ येते, तिला एवढं घाबरू नका, पण भेग खुद्द कॉलममधे किंवा कॉलम-बीमच्या जोडावर असेल तर तो फोटो पहिला पाठवा आणि फोनही करा.

दगडमातीचं जुनं घर असेल तर जास्त जपा. किल्लारीला १९९३ मधे अशीच घरं पडली, मातीत रचलेल्या जाड भिंती, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत, आणि वरून माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं ओझं. भिंत फुगलीये का हे समोरून कळत नाही, भिंत सुरक्षित वाटत असेल तरच शेजारी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून बाजूने फोटो घ्या.

भेग जुनी की नवी यावर हमखास वाद होतो. आत रंग गेलेला असेल, जाळं किंवा काळी धूळ असेल तर ती जुनी, नवीच्या कडा स्वच्छ असतात. आधीचा फोटो असेल तर उत्तमच, साखरपुड्याच्या अल्बममधे पाहुण्यांच्या मागे भिंत असतेच की! (खरंच, एकदा तोच कामाला आला.)

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो टाकला की तो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळ पण जाते, म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा, मूळ फोटो फोनमधून उडवू नका. आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहून ठेवा, परत हादरा बसला तर त्याच जागेवरून परत फोटो काढा, भेग रेघेच्या पुढे सरकली असेल तर त्याच दिवशी कळवा.