टाकी उभी राहील, पण कोळशाचं काय?

"आम्ही पाणी उकळून पितो, रसायनांची भीती नाही," नेरूळच्या आमच्या सोसायटीतले एक काका परवा म्हणाले. उकळल्याने जंतू मरतात, हे खरं. पण नॉनस्टिक तवे, आग विझवायचा फेस, पाणी न धरणारं कापड यांत वापरली जाणारी पीफास रसायनं उकळून जात नाहीत. वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात ती उलट दाट होतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला ती दिसत नाहीत, आणि पाणी शुद्ध होतं असं सांगून चुंबक लावलेल्या बाटल्या विकणं तर निव्वळ फसवणूक आहे.

यातल्या पीफोआ आणि पीफॉस या दोघांसाठी अमेरिकेने २०२४ मध्ये लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. नवी मुंबईला पाणी देणारं आपलं मोरबे धरण सुमारे १९० दशलक्ष घनमीटरचं. ते काठोकाठ भरलं, तरी त्यात एकेकाचं जेमतेम पाऊण किलो चालेल!

एवढंसं रसायन पकडायचं कसं? नारळाच्या करवंटीच्या कोळशाने. वाफेने 'सक्रिय' केलेल्या त्याच्या एका ग्रॅममध्ये छिद्रांच्या भिंतींचं क्षेत्रफळ सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फुटांची वीसेक घरं. पीफोआच्या रेणूला कार्बन-फ्लोरिनची लांब शेपूट असते. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, त्यांना ही शेपूट मध्ये नको असते. ती ढकलली जाते आणि कोळशाच्या भिंतीला चिकटते. स्पंज पाणी शोषतो तसं हे नाही. रेणू पृष्ठभागावर बसतो, म्हणून याला अधिशोषण म्हणतात. जागा मात्र मोजक्या. कुजलेल्या पानांतली सेंद्रिय द्रव्यंही त्याच जागा अडवतात. शिवाय चार कार्बनच्या आखूड शेपटीचे रेणू सैल बसतात आणि मागून लांब शेपटीचे आले की उठवले जातात. तेव्हा गाळून आलेल्या पाण्यात ते आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त सापडू शकतात.

म्हणून कोळसा पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात पीफाससारख्या दूषकांसाठी १० अब्ज डॉलर आहेत, त्यातले ९ पिण्याच्या पाण्यासाठी. हा पैसा मुख्यतः यंत्रणा उभारायला आहे. ती वर्षानुवर्षं चालवायची, तर भार पाणीपट्टीवर येतो.

उद्या आपल्या भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात अशा कोळशाची टाकी बसवायचं ठरलं, तर मंजूर रकमेशेजारी कोळसा बदलण्याचा दर वर्षीचा खर्चही लिहिलेला मला हवा आहे.