दस्त्याखालची चिठ्ठी

जुन्या लष्करी रायफलीचा नमुना ओळखता येतो, पण ती कोणाच्या खांद्यावर होती हे बहुधा कधीच कळत नाही. स्वित्झर्लंडची के-३१ कार्बाइन (आखूड नळीची रायफल) मात्र या बाबतीत वेगळी आहे. १९३१ साली स्वीकारलेली ही रायफल बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात १९५८ पर्यंत बनत होती आणि तिची संख्या पाच लाखांवर गेली. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा, वर न उचलता सरळ मागे ओढण्याची रचना, सहा काडतुसांचे सुटे मॅगझिन आणि रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मधल्या भागावर, कोरलेला छोटा स्विस क्रॉस एवढ्यावरून ती ओळखता येते. रिसीव्हरवरच्या अनुक्रमांकावरून तिच्या निर्मितीचा काळ ठरवता येतो, आणि तोच क्रमांक बोल्टवरही असेल तर जोडी मूळचीच आहे असे मानता येते.

लाकूडही बोलते. आधीच्या रायफलींचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकवायचे लाकडी भाग, अक्रोडाचे आहेत, तर १९४० च्या दशकाच्या मध्यानंतरचे बहुतांशी बीच लाकडाचे. बीचच्या कापावर भिंगाशिवायही दिसणारे बारीक तपकिरी ठिपके असतात. झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या तिथे आडव्या कापल्या गेलेल्या असतात. अक्रोडाच्या दस्त्यावर स्क्रूभोवती काळा डाग दिसला, तर तो मळ समजून घासू नये. लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळे संयुग तयार होते, म्हणजे तो डाग त्या रायफलीने सोसलेल्या ओलाव्याची नोंदच असते.

माणसाचा माग दस्त्याच्या तळाशी लागतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून तळपट्टीचे (दस्त्याच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीचे) दोन स्क्रू काढले, की पुष्कळदा आत एक चिठ्ठी सापडते, आणि तिच्यावर सैनिकाचे नाव, जन्मवर्ष, तुकडी व गाव लिहिलेले असते. स्विस सैनिक शस्त्र घरी ठेवत असल्याने ही चिठ्ठी उपयोगाची होती. ती दमटपणाने चिकटलेली असेल तर ओढू नये. आधी जागेवरच छायाचित्र घ्यावे. त्या गावच्या नगरपालिकेला पत्र लिहून कुटुंबाचा शोध घेता येतो, मात्र होकार मिळेपर्यंत नाव कुठेही जाहीर करू नये, असे मला ठामपणे वाटते.

चिठ्ठीवरचा माणूस पहिलाच धनी होता, असे गृहीत धरणे ही मात्र नेहमीची चूक आहे. सैन्यात भरती साधारण विसाव्या वर्षी होत असे. रायफल १९४२ ची आणि जन्मवर्ष १९२२ असेल, तर ती नवी असतानाच त्याला मिळाली असण्याचा संभव आहे. जन्मवर्ष १९३५ असेल, तर तिने त्याआधी दुसऱ्या कोणाची सेवा केलेली असणार. रिसीव्हरजवळ ‘पी’ अक्षर ठोकलेले असेल, तर सेवा संपल्यावर ती खासगी मालकीत गेली होती, आणि मग चिठ्ठीतला माणूस हाच तिचा शेवटचा सैनिक असण्याची शक्यता बरीच वाढते.