बाळंतपणाची फाइल हृदयरोगतज्ज्ञालाही दाखवा

छातीत दुखतंय म्हणून पन्नाशीची बाई डॉक्टरांकडे जाते, तेव्हा ठरलेले प्रश्न येतात: बीपी आहे का, शुगर आहे का, सिगारेट ओढता का, घरात कुणाला हृदयविकार आहे का. ‘गरोदरपणात बीपी वाढलं होतं का?’ हे मात्र फार कमी वेळा विचारलं जातं. बाईही आपणहून सांगत नाही. इतक्या जुन्या बाळंतपणाचा आजच्या दुखण्याशी काय संबंध, असं तिला वाटतं. संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे.

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत-मूत्रपिंडांवर परिणाम दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वारेला (प्लासेंटाला) रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या धमन्या एरवी या काळात रुंद होतात. त्या नीट रुंदावल्या नाहीत की वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून आईच्या रक्तात अशी प्रथिनं उतरतात, जी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. वाहिन्या आखडतात, बीपी चढतं. वार पडल्यावर सहसा काही आठवड्यांत ते उतरतंही आणि सगळे निर्धास्त होतात. पण अशा बायकांना पुढे हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट, तर हार्ट फेल्युअरचा सुमारे चौपट असतो.

गरोदरपणातल्या मधुमेहाचंही तसंच. वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, म्हणून स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन बनवावं लागतं. ज्यांची ती क्षमता तोकडी, त्यांची साखर वाढते. बाळंतपणानंतर साखर उतरते; क्षमता तोकडीच राहते. म्हणून ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी आणि नंतर दर १ ते ३ वर्षांनी साखर पाहणं आवश्यक आहे. नेमकी हीच तपासणी अनेकींची राहून जाते, कारण तोवर घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे लागलेलं असतं. मला यात दोष बाईचा वाटत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडची फाइल बंद झाली की तिला पुढच्या डॉक्टरांच्या हाती सोपवण्याची व्यवस्थाच बहुतेक ठिकाणी नसते.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच या दोन्ही गोष्टी स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमीत धरल्या. तरीही जोखीम मोजणाऱ्या अनेक प्रचलित तक्त्यांत त्यांना जागा नाही. चाळिशीतली बाई तिथे वयामुळेच ‘कमी धोका’ ठरते.

तपासण्यांतही स्त्रीचं शरीर मागेच राहिलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं. निरोगी स्त्रियांमध्ये ते मुळातच पुरुषांपेक्षा कमी असतं. एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठीची मर्यादा लिटरमागे ३४ नॅनोग्रॅम आहे, स्त्रियांसाठीची १६. दोघांना एकच आकडा लावला, तर २५ आलेल्या बाईला ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलं जाऊ शकतं. मोठ्या धमन्या मोकळ्या असूनही हृदयातल्या बारीक वाहिन्या आखडण्याचा त्रास स्त्रियांत अधिक आढळतो, आणि तो साध्या अँजिओग्राफीत दिसत नाही.

तेव्हा गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल, बाळंतपण वेळेआधी झालं असेल किंवा पाळी चाळिशीच्या आत थांबली असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. बीपी दरवर्षी मोजा, कोलेस्टेरॉल तपासा; आणि छातीदुखीसोबत धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं असेल, तर ॲसिडिटी समजून थांबू नका, लगेच इमर्जन्सी विभाग गाठा.