लैंगिक अत्याचारपीडितांसाठी स्वयंसेवी साहाय्य

लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला रुग्णालयात, पोलीस ठाण्यात व न्यायालयात सोबत करण्याचे आणि तिचे हक्क व पर्याय तिला समजावून सांगण्याचे काम. ते प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. हा साहाय्यक वकील नसतो, तपास अधिकारी नसतो, उपचारकही नसतो. डॉक्टरांना नमुने हवे असतात, पोलिसांना जबाब. साहाय्यकाला त्या व्यक्तीकडून काहीच नको असते. म्हणूनच त्याचे तिथे असणे मोलाचे ठरते.

हे काम १९७०च्या दशकातील स्त्रीमुक्ती चळवळीतून उभे राहिले. वॉशिंग्टनमध्ये १९७२ साली आणि लंडनमध्ये १९७६ साली बलात्कारपीडितांसाठी साहाय्य केंद्रे सुरू झाली. त्यांचा मोठा भार स्वयंसेविकांनीच उचलला. १९७४ मध्ये परिचारिका अ‍ॅन बर्जेस व समाजशास्त्रज्ञ लिंडा होमस्ट्रॉम यांनी बलात्कारानंतर बॉस्टनच्या एका रुग्णालयात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणी रडत, थरथरत होत्या, तर काही वरून अगदी शांत दिसत होत्या. ‘इतकी शांत कशी?’ हा संशय आजही अनेकींच्या वाट्याला येतो. तो मनात येऊ न देणे हा साहाय्यकाच्या प्रशिक्षणाचा गाभा आहे.

प्रत्यक्ष काम बारीकसारीक गोष्टींचे असते. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून जमा होतात, तेव्हा घरी जाताना घालायला दुसरे कपडे लागतात. तपासणीचा प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगायचा, आणि कोणत्याही टप्प्याला ‘नको’ म्हणता येते हे आवर्जून सांगायचे. वेळेचे भानही ठेवावे लागते: एचआयव्ही प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या पाच दिवसांपर्यंत घेता येतात, पण जितक्या लवकर तितके चांगले. तक्रार करायची की नाही, हे मात्र तिनेच ठरवायचे. जिच्या शरीरावरचा ताबा कुणीतरी हिसकावून घेतला, तिच्या वतीने पुन्हा दुसऱ्याने निर्णय घेणे, मग हेतू कितीही चांगला असो, अन्यायच आहे. ‘तू तिथे का गेलीस?’ हा प्रश्न साहाय्यक कधीही विचारत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेबेका कॅम्पबेल यांच्या २००६ च्या अभ्यासात, साहाय्यक सोबत असलेल्या पीडितांना वैद्यकीय सेवा अधिक मिळाल्या आणि पोलीस व डॉक्टरांकडून होणारा मनस्ताप कमी झाला, असे आढळले.

गोपनीयता कसोशीने पाळली जाते. मात्र पीडित व्यक्ती बालक असल्यास अनेक देशांत पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक असते. बोलणे सुरू होण्याआधीच हे सांगावे लागते. इतरांचे दुःख सतत ऐकून स्वयंसेवकांचीही झोप उडते, चिडचिड वाढते, म्हणून चांगल्या संस्था त्यांच्यासाठी नियमित समुपदेशन ठेवतात आणि कामाच्या पाळ्या आखून देतात. जिथे ही सोय नसते, तिथे तळमळीची माणसेही लवकरच काम सोडून जातात.