एकच पिकअप सालागणिक वेगळी का लागते?

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम लागला की बाजार समितीबाहेर पिकअपची रांग लागते. त्या रांगेत एकाच नावाच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या चार गाड्या एकापुढे एक उभ्या दिसतात: एक २००९ची, एक २०१६ची, एक २०१९ची, एक २०२३ची. त्यांच्या ड्रायव्हरांनी आपसात किल्ल्या बदलल्या, तर पहिल्या वळणाला आणि दुसऱ्या गिअरला प्रत्येकाला कळेल की ही आपली गाडी नव्हे. क्लच वेगळ्या जागी पकडतो, स्टिअरिंग वेगळं वळतं, चढाला दम वेगळ्या वेळी येतो.

नवीन मॉडेलात काय बदललं असं शोरूममध्ये विचारलं, तर ग्रिल, हेडलाइट, सीटचं कापड अशी उत्तरं मिळतात. चालवण्यातला फरक मात्र बहुतेक वेळा अशा सालात आलेलाच नसतो. तो आला १ एप्रिल या तारखेला, २०१०, २०१७, २०२० आणि २०२३ साली, धुराच्या नियमांबरोबर. आणि दुसरा आला पासिंगचा आकडा, म्हणजे गाडीत कायद्याने किती वजन भरता येतं तो, वाढत गेला तसा. या दोन गोष्टी बाजूला ठेवून पिकअप चालवायला कशी लागते याबद्दल बोलणं म्हणजे नुसत्या रंगाबद्दल बोलणं.

मुळात पिकअप ही आपल्याकडे उशिरा रुळलेली गाडी. त्याआधी शेतमालाला मॅटाडोर होती. तिची पुढची चाकं ओढायची. भरलेल्या गाडीचा भार मागे गेला की चढावर पुढचा भाग हलका व्हायचा आणि ओल्या रस्त्यावर चाक जागच्या जागी फिरायचं. १९८६ला टाटा ४०७ आली, १९८८ला टाटामोबाइल २०६. २००० साली बोलेरो आली आणि पुढे तिच्याच नावाची पिकअप गावोगाव झाली; २००५ला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेऊन टाटा एस आली, जिला सगळे छोटा हत्ती म्हणतात. यातल्या बोलेरोशी नाशिकचं नातं गिऱ्हाइकापुरतं नाही. महिंद्राचा वाहनांचा कारखाना सातपूरला, इंजिनांचा इगतपुरीला. त्र्यंबक रोडवरच्या मायको सर्कलला ज्या कंपनीचं नाव चिकटलं ती मायको २००८पासून बॉश आहे. डिझेल इंजिनात तेल फवारणारी नोझल आणि इंजेक्टर तिच्या सातपूरच्या कारखान्यात बनतात. पुढे ज्या बदलाबद्दल सांगायचंय, त्याचा एक मोठा भाग याच सुट्या भागात दडलाय.

आधी स्टिअरिंग. जीपच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीचं चाक वळवायला खांदा लागायचा आणि सरळ रस्त्यावरही हातात दोन-तीन बोटं प्ले, म्हणजे ढिलेपणा, असायचा. घोटी-इगतपुरी पट्ट्यात पावसाळ्यात पुढचं चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग उलटं झटका मारायचं. म्हणून उस्ताद नव्या पोराला आधी शिकवायचा तो गिअर नव्हे, तर अंगठा रिंगच्या आत घालायचा नाही, बाहेर ठेवायचा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आलं आणि हा झटका तेलातच जिरला. २०१९च्या टाटा इंट्रापासून छोट्या मालगाडीत विजेच्या मोटरचं स्टिअरिंगही आलं. जागेवर गाडी वळवायला एक बोट पुरतं. पण चाकाखाली काय चाललंय ते हाताला पूर्वीसारखं कळत नाही, हेही खरं. नव्या गाडीचं स्टिअरिंग 'मेलेलं' लागतं असं जुने ड्रायव्हर म्हणतात, त्यात तथ्य आहे. तरी रात्रभर वाशीची खेप करून आलेल्या माणसाच्या खांद्याला विचारा, तो जुनं मागणार नाही.

आता खरा मुद्दा, पायाखालचा. जुन्या डिझेलमध्ये ॲक्सिलरेटरची तार थेट पंपाच्या दांडीला बांधलेली. पाय दाबला की तेल गेलं, हवा पुरेशी असो वा नसो. जास्तीचं तेल काळा धूर होऊन मागे निघायचं. त्या गाडीला उचल बेताचीच होती, पण जी होती ती पाय दाबताक्षणी मिळायची. शिवाय इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये ती कुरकुरत का होईना ओढत राहायची. सावळघाटात तिसऱ्यावरच रेटत नेणारे ड्रायव्हर तयार झाले ते याच इंजिनावर.

नंतरच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात ही तार गेली. पायाखाली सेन्सर आला आणि किती तेल द्यायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला. एका नळीत प्रचंड दाबाखाली तेल भरून ठेवायचं आणि विजेवर उघडझाप होणाऱ्या इंजेक्टरने हवं तेव्हा, हवं तेवढं सोडायचं, अशी ही पद्धत. आवाज कमी झाला, थरथर कमी झाली, क्लच सोडताना गाडी बंद पडायचं प्रमाण घटलं, कारण फेऱ्या पडायला लागल्या की संगणक स्वतःच तेल वाढवतो. पण धूर होऊ द्यायचा नाही असा त्याला हुकूम असतो. म्हणून टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हवा येईपर्यंत तो तेल हात राखून देतो. पाय दिल्यावर गाडी क्षणभर विचार करते असं जे वाटतं, ते हेच. बोलेरो पिकअपच्या २५२३ सीसीच्या इंजिनाचा पूर्ण ओढा मिनिटाला साधारण १४०० ते २२०० फेऱ्यांमध्ये मिळतो. त्याखाली गाडी झोपते. जुन्या सवयीने तिसऱ्यावर रेटणारा ड्रायव्हर नव्या गाडीला नावं ठेवतो. गिअर एक खाली टाकून टर्बो लागू देणारा तिलाच डोक्यावर घेतो.

नियमांचा क्रम इथे लक्षात घ्यावा लागतो. २०१० साली मुंबई, पुणे, सोलापूर अशा निवडक शहरांत बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या सरकारी नियमाची पायरी; आकडा जितका मोठा तितका नियम कडक) आलं आणि उरलेल्या देशात, त्यात आपणही, बीएस-३. त्यामुळे पुढची काही वर्षं एकाच नावाची, एकाच सालची गाडी नाशिकच्या एमएच १५ची वेगळी आणि पुण्याच्या एमएच १२ची वेगळी असू शकायची. १ एप्रिल २०१७ला सगळीकडे बीएस-४ झालं आणि बीएस-५ची पायरी वगळून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६. डिझेलमधलं गंधक या टप्प्यांत दहा लाख भागांमागे ३५० वरून ५० आणि ५० वरून १० भागांवर आलं. ते कमी झाल्याशिवाय धुराच्या नळीतली नवी यंत्रं टिकलीच नसती.

ही यंत्रं चालवताना जाणवतात. ईजीआर थोडा जळका धूर परत इंजिनात सोडतो, त्याने जळण थंड होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. हलक्या पायावर गाडी किंचित मंद लागते तीही त्याने. काजळी अडवणारा डीपीएफ ज्या गाड्यांना आहे, त्यांत साठलेली काजळी मधूनमधून जाळावी लागते. त्यासाठी नळीत सुमारे ६०० अंश तापमान आणि सलग पळणं लागतं. नाशिकहून रोज मुंबई करणाऱ्या गाडीला ते आपोआप मिळतं. पेठ रोडचं मार्केट यार्ड ते भद्रकाली अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीला मिळत नाही, आणि मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो, उचल कापली जाते. गाडी तीच, साल तेच, तरी एकाची पळते आणि दुसऱ्याची रखडते. १ एप्रिल २०२३पासून बीएस-६चा दुसरा टप्पा आला, त्यात रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराची अट आणि गाडीने स्वतःवर ठेवायची नजर आणखी कडक झाली.

पासिंगची गोष्ट वेगळीच. बोलेरो मॅक्स पिकअपची पूर्ण मालिका २०२३ला आली तेव्हा तिच्यातल्या मोठ्या गाडीचं पासिंग दोन टनांवर आणि हौदा दहा फुटांवर गेला. २२० न्यूटन मीटर ओढ्याचं इंजिनही आलं. हिशोब टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटमध्ये करू. क्रेटचं स्वतःचं वजन सोडलं तर १.३ टनाला ६५ क्रेट, १.७ टनाला ८५, दोन टनांना शंभर. एवढा बोजा पेलायला मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, तेवढे ताठ लागतात, आणि ताठ पाटे रिकाम्या गाडीत वाकतच नाहीत. म्हणून नवी गाडी भरून आणताना ठाम लागते, कसारा घाट उतरताना मागून डुलत नाही, आणि रिकामी बागेकडे जाताना गतिरोधकावर जुन्यापेक्षा जास्त उडते. मॉडेल सुधारलं की बिघडलं, हे हौदा भरलाय की रिकामा यावर ठरतं.

अमेरिकेत हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. तिथल्या पिकअप बराच वेळ रिकाम्या, घरगुती गाडीसारख्या वापरल्या जातात. म्हणून २००९च्या रॅम १५००ने मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवले, २०११च्या फोर्ड एफ-१५०मध्ये विजेचं स्टिअरिंग आलं, २०१५ला तिची बॉडी ॲल्युमिनियमची होऊन गाडी कित्येक किलोंनी हलकी झाली. तिकडचे वाचून 'नवीन पिकअप कारसारखी चालते' अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने निफाडच्या शिवाररस्त्यावर रिकामी गाडी एकदा नेऊन बघावी.

द्राक्षवाल्यांचं दुखणं आणखी नाजूक. द्राक्षाचे क्रेट दाबून भरता येत नाहीत, हौदा भरला तरी वजन पासिंगच्या बरंच खाली राहतं. ताठ पाट्यांची गाडी अशा अर्धवट वजनावर माल हिसकत नेते आणि पॅकहाउसला पोचेपर्यंत घडातले मणी सुटतात. म्हणून दिंडोरी-मोहाडीकडे काही जण मोठ्या पासिंगची नवी गाडी दारात असूनही द्राक्षाला जुनी, बसलेल्या पाट्यांचीच काढतात.

जुनी गाडी बघायला गेलात तर आरसीवरचं नोंदणीचं साल पुरेसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ला निकाल दिला की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायची नाही, आणि पुढचे दोन दिवस देशभर शोरूममध्ये सवलतींची झुंबड उडाली. ३१ मार्चपर्यंत विकलेल्या गाड्यांची नोंदणी नंतर करायला मुभा होती. म्हणून एप्रिल २०१७च्या नोंदणीची गाडीसुद्धा बीएस-३ निघू शकते. चासी नंबरातला बनावटीचा महिना-साल आणि आरसीवरची धुराच्या नियमाची नोंद, दोन्ही ताडून बघावीत.

त्यानंतर गाडीखाली वाकून पाटे मोजावेत. मूळ गाडीपेक्षा एखादा पाटा जास्त निघाला तर मालक पासिंगच्या वर भरत होता, आणि ती गाडी तिच्या सालच्या इतर गाड्यांसारखी लागणार नाही. ईजीआरची वाट पत्र्याने बंद केलेली असली तरी तसंच: पायाला चपळ लागते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त सोडते.