राजाचा सांगाडा आणि वंशावळीतली फट

२ मार्च १४८४ रोजी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने सरदार घराण्यांची मानचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना एक सनद दिली. कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या ढालीवर कोणतं चिन्ह, कोणाचा हक्क खरा आणि कोण उगाच मिरवतो, हे ठरवणारी ही मंडळी. लंडनचं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ आपला इतिहास त्या सनदेपासून मोजतं आणि ते आजही चालू आहे. पुढे १५३० ते १६८० च्या दशकापर्यंत हे अधिकारी गावोगाव फिरून घराण्यांचे दावे तपासत असत. इंग्लंडातल्या वंशावळी शिस्तशीर राहिल्या त्यामागे अशा कामाचा मोठा वाटा आहे. आणि या वंशावळींची सगळ्यात कडक परीक्षा झाली ती सनद देणाऱ्या राजाच्याच हाडांवर.

सनदेनंतर दीडच वर्षात, २२ ऑगस्ट १४८५ला, बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला. लेस्टर गावातल्या फ्रान्सिस्कन मठात त्याला घाईघाईने पुरलं. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला, वर इमारती आल्या, थडगं विसरलं गेलं. ऑगस्ट २०१२ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथला एक कार पार्क खणला. सांगाडा मिळाला तो पहिल्याच खड्ड्यात. पाठीचा कणा ठळकपणे एका बाजूला वळलेला. मरतेवेळी झालेल्या अकरा जखमांच्या खुणा, त्यातल्या नऊ कवटीवर. पावलं मात्र नव्हती, नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली असावीत. कार्बन कालमापनाने काळ जुळला, वयही तिशीच्या सुरुवातीचं निघालं आणि रिचर्ड मेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. पण वय आणि काळ जुळला म्हणून तो राजाच, असं कसं म्हणणार? इथे वंशावळ कामाला आली.

आपल्या पेशींमधला बहुतेक डीएनए दर पिढीत पिसला जातो, निम्मा आईचा, निम्मा बापाचा. पाचशे वर्षांत दूरच्या नातेवाइकाशी जुळावं असं त्यात जवळपास काही उरत नाही. दोन तुकडे मात्र पिसले जात नाहीत. एक मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए, सुमारे साडेसोळा हजार अक्षरांचा, फक्त आईकडून येणारा. मुलगा-मुलगी दोघांनाही तो मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. दुसरा वाय गुणसूत्र, बापाकडून फक्त मुलाला. दोन्हींत बदल होतात, पण फार सावकाश. म्हणजे रिचर्डची ओळख पटवायला दोन प्रकारचे जिवंत नातेवाईक हवे होते. एक, आई-मुलगी-नात अशा सलग स्त्री-साखळीतले आणि दोन, बाप-मुलगा-नातू अशा पुरुष-साखळीतले. रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा त्याच्याआधीच, १४८४ मध्ये गेला होता. त्यामुळे दोन्ही साखळ्या नातलगांतूनच शोधायच्या होत्या.

पुरुष-साखळी सोपी. आडनाव, किताब, जमीन, सगळं तिच्याबरोबर चालतं. स्त्री-साखळी शोधणं म्हणजे कागदांतली हमाली. आपल्याकडचा कुठलाही कुलवृत्तांत उघडा, घरातली लेक लग्न करून गेली की तिची रेघ तिथेच थांबते. इंग्लंडातही फार वेगळं नव्हतं. दर पिढीत आडनाव नवं, गाव नवं, आणि बाईचा उल्लेख सापडला तर मृत्युपत्रात, लग्नाच्या करारात किंवा १५३८ पासून सुरू झालेल्या चर्चच्या नोंदवह्यांत. जॉन अ‍ॅशडाउन-हिल या इतिहासकाराने २००० नंतरच्या दशकात हे काम केलं, तेही रिचर्डसाठी नव्हे. बेल्जियममधल्या मेखेलेन गावात सापडलेली हाडं रिचर्डची बहीण मार्गारेट हिची आहेत का, हे त्याला बघायचं होतं.

साखळी सुरू होते ती रिचर्डच्या थोरल्या बहिणीपासून, अ‍ॅनपासून. पहिल्या नवऱ्यापासून विभक्त होऊन तिने थॉमस सेंट लेजरशी लग्न केलं आणि १४७६ मध्ये मुलीच्या जन्मानंतर लगेचच ती वारली. सेंट लेजर पुढे रिचर्डविरुद्धच्या बंडात सामील झाला आणि १४८३ मध्ये रिचर्डने आपल्या या मेहुण्याचं डोकं उडवलं. त्याची ती पोरकी मुलगी मात्र वाढली, मॅनर्स घराण्यात गेली, तिची मुलगी कॉन्स्टेबल घराण्यात. पुढे चोल्मली, बेलासिस, स्लिंग्सबी, टॅलबट अशी आडनावं बदलत जातात आणि नाव मात्र सलग कित्येक पिढ्या एकच, बार्बरा. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सची बायको बार्बरा स्पूनर ही याच ओळीतल्या एका बाईची सख्खी बहीण. शेवटी धागा पोचला कॅनडात स्थायिक झालेल्या एका बाईपर्यंत. लंडनमध्ये लाकडी फर्निचर बनवणाऱ्या तिच्या मुलाने नमुना दिला. त्याच बहिणीपासून निघालेल्या दुसऱ्या फाट्यातली एक स्त्रीही सापडली.

निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फर्निचरवाल्याचा मायटोकॉन्ड्रियाचा सगळा डीएनए सांगाड्याशी अक्षरन् अक्षर जुळला. त्या स्त्रीच्या बाबतीत फरक निघाला तो एका अक्षराचा, आणि इतक्या पिढ्यांत एवढा फरक अपेक्षितच असतो. शिवाय हा प्रकार दुर्मीळ. युरोपातल्या सव्वीस हजारांहून जास्त नमुन्यांत त्याला जोड सापडली नाही. जनुकशास्त्रज्ञ टुरी किंग आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा एकत्र मांडला तेव्हा सांगाडा रिचर्डचाच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के निघाली. ज्या साखळीला ना किताब ना ढाल, ती शेवटपर्यंत शाबूत होती.

मग पुरुष-साखळी. रिचर्डचा पणजोबा एडमंड हा तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा. याच एडवर्डचा आणखी एक मुलगा जॉन ऑफ गॉन्ट, आणि त्याच्यापासून बाप-मुलगा अशी सरळ रेघ बोफोर्टच्या पाचव्या ड्यूकपर्यंत येते. ड्यूकच्या आजच्या पाच पुरुष वंशजांचे नमुने घेतले. पाचांपैकी चौघांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळलं. पाचव्याचं वेगळं निघालं, म्हणजे तिथे अलीकडच्याच काही पिढ्यांत काहीतरी घडलं होतं. आणि सांगाड्याशी? एकाचंही नाही. रिचर्डचं गुणसूत्र ‘जी’ गटाचं, त्या चौघांचं ‘आर-वन-बी’ गटाचं. हे दोन गट हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत, त्यामुळे पाच-सहा शतकांत बदल झाला असेल अशी पळवाट नाही.

याचा अर्थ साधा आहे. कागदावरचा कुणीतरी बाप खरा बाप नव्हता. रिचर्डपासून एडवर्डपर्यंत वर चार कड्या, तिथून ड्यूकपर्यंत खाली पंधरा, एकूण एकोणीस. पश्चिम युरोपात मागच्या काही शतकांत असं घडण्याचं प्रमाण पिढीमागे साधारण एक ते दोन टक्के असल्याचं अशाच अभ्यासांतून दिसतं. एकोणीस कड्यांत निदान एक तुटण्याची शक्यता त्या हिशेबाने १७ ते ३२ टक्के भरते. त्यामुळे तुटली यात नवल नाही. नवल वाटलं असेल तर ते वंशावळीला रक्ताचा दाखला समजणाऱ्यांना.

कोणती कडी तुटली? कुजबुज जुनीच आहे. जॉन ऑफ गॉन्ट हा राजाचा नसून गेन्टमधल्या एका खाटकाचा मुलगा, असं त्याच्या हयातीतच विरोधक पसरवत होते. दुसरीकडे रिचर्डचा आजा, केंब्रिजचा अर्ल, हा एडमंडचा मुलगा नव्हे असा संशय आहे. एडमंडने मृत्युपत्रात त्याला काहीच ठेवलं नाही. पण पंधरा कड्या ड्यूकच्या बाजूला आहेत, तेव्हा नुसत्या मोजणीने बघितलं तर तूट तिकडे असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर तीही बहुधा अशा पिढीत, जिचा मुकुटाशी संबंध नाही.

वर्तमानपत्रांनी मात्र लगेच ट्यूडरांपासून तेव्हाच्या राणीपर्यंत सगळ्यांच्या हक्काचा प्रश्न उकरून काढला. मला तो पोरकटपणा वाटतो. बोफोर्ट मंडळी मुळात जॉन ऑफ गॉन्टची लग्नाआधीची मुलं, पार्लमेंटने १३९७ मध्ये औरस ठरवलेली. १४०७ मध्ये चौथ्या हेन्रीने त्यात भर घातली, ‘राजपद वगळून’. तरी त्यांचाच वंशज आणि पहिला ट्यूडर राजा सातवा हेन्री बॉसवर्थ जिंकून गादीवर बसला. रिचर्डने स्वतः गादी मिळवली ती थोरल्या भावाचं लग्नच बेकायदा ठरवून, पुतण्यांना अनौरस जाहीर करून. औरस कोण हे पार्लमेंट आणि तलवार ठरवत होती. गुणसूत्राला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

ते दोन पुतणे म्हणजे लंडनच्या टॉवरमधून दिसेनासे झालेले राजपुत्र. १६७४ मध्ये टॉवरच्या जिन्याखाली दोन मुलांची हाडं मिळाली आणि ती त्यांचीच समजून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत एका कलशात ठेवली. १९३३ मध्ये कलश उघडून हाडांची तपासणी झाली, पण तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. आता रिचर्डचं वाय गुणसूत्र हाताशी आहे. मुलं त्याच्या भावाची असतील तर ते जुळायला हवं. न जुळलं तर मात्र हाडं दुसऱ्या कुणाची, की रिचर्डचा भाऊच दुसऱ्या कुणाचा, हा नवाच घोळ उभा राहील, आणि तो सोडवायला मुलांच्या आईची, एलिझाबेथ वुडव्हिलची, स्त्री-साखळी कामाला घ्यावी लागेल. अ‍ॅबीने अजून परवानगी दिलेली नाही.